वाचकांना सूतक नसतं

२०२४ च्या आषाढात, भर पावसात, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना फोनवर चार ओळी आल्या. आमच्या लेखकाच्याच नंबरवरून. "या नंबरची व्यक्ती परवा वारली. कोणाचे काही देणेघेणे असल्यास कळवावे. यापुढे या नंबरवर मेसेज करू नये." कणकवलीत माझं मेडिकल आहे. मी गोळ्यांची पट्टी कापत होतो, कात्री तशीच हातात राहिली. गिऱ्हाईकानं विचारलं, "घरचं कोण?" मला उत्तर देता आलं नाही.

फोनवरच्या एका गटात त्यांच्या कथा भागाभागानं वाचणारे आम्ही दोन-अडीचशे वाचक पाच-सहा वर्षं त्यांना 'दादा' म्हणत होतो. टोपणनाव पुरुषाचं होतं, कथेतला 'मी' पुरुष होता. दुसऱ्या दिवशी कळलं की दादा म्हणजे देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात भावाच्या कुटुंबात राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एक अविवाहित बाई होत्या. त्यानंतर मी त्यांचे जुने निरोप पुन्हा वाचून काढले. मराठीत 'मी' म्हणून चार वाक्यं बोलायची आणि आपण बाई की पुरुष ते कळू द्यायचं नाही, हे किती कठीण आहे ते करून बघावं. जातो की जाते, लिहिलं तर लिहीत होतो की होते, क्रियापद लगेच चुगली करतं. बाईंच्या निरोपांत असं क्रियापदच नाही. "आज भाग देता आला नाही, ताप होता." "उद्या पाठवीन." "वीज नव्हती." कथेत त्या बेधडक 'मी गेलो, मी पाहिलं' लिहीत, आमच्याशी बोलताना मात्र त्यांनी एकदाही स्वतःला पुल्लिंगी केलं नाही. खोटं बोलल्या नाहीत, फक्त वाट काढली. भाषेवर एवढी हुकमत असलेलं माणूस आमच्यात होतं आणि ते जिल्ह्यात कुणाला माहीत नव्हतं.

आम्ही तिघे भेटायला गेलो. एक जण रत्नागिरीहून आला होता, एक ताई मालवणच्या. खळ्यात पाणी साचलेलं, पडवीत भाऊ बसलेले. त्यांनी विचारलं, "तुमी खंयसून इलात?" आम्ही गावं सांगितली. नातं काय सांगायचं? मालवणच्या ताई म्हणाल्या, "आम्ही त्यांचे वाचक." भाऊंना त्याचा अर्थ लागेना. भाऊंचा मुलगा, म्हणजे बाईंचा भाचा, आतून आला, फोनवरचा मजकूर त्यानंच पाठवला होता. म्हणाला, "आते रातची मोबाईल घेवन बसायची. आमका वाटायचा, सिरियली बघता." ताईंनी त्याला फोनवर एक कथा उघडून दिली. तो पडवीच्या कठड्याला टेकून उभ्यानं वाचत राहिला. बरीच मोठी कथा होती. त्यानं ती पुरी वाचली आणि मग फोन वडिलांच्या हातात न देता स्वतःच मोठ्यानं पुन्हा वाचायला सुरुवात केली. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. आम्ही नुसते उठलो आणि पाणंदीनं चालू लागलो.

सूतक कुणाला किती दिवस, याचे आपल्याकडे काटेकोर हिशेब आहेत. भावकीला दहा दिवस, लग्न होऊन गेलेल्या मुलीला तीन, लांबच्यांना नुसती आंघोळ. वाचकांना काहीच नाही. बाई गेल्याचं कळलं त्या दिवशी मी दुकान उघडं ठेवलं, रात्री जेवलो, घरात कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर जे एका मित्रानं नंतर विचारलं तेच ऐकावं लागलं असतं: "तू तिला कधी बघितलंस? मग एवढं काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर देणं मला जरुरीचं वाटतं. मी त्यांना बघितलं नव्हतं, पण पाच वर्षं दर शनिवारी रात्री साडेनऊनंतर त्यांचं बोलणं मी ऐकलं आहे. आई आजारी असताना दवाखान्याच्या बाकड्यावर बसून ऐकलं आहे. अनेक नातेवाइकांशी माझं वर्षाकाठी एवढं बोलणं होत नाही. एखाद्याच्या मनाशी आपली रोजची ये-जा असते आणि एक दिवस ती वाट बंद होते, त्याला दुःख म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

त्या काय लिहीत ते सांगायला हवं, नाहीतर हे नुसतं हळहळणं होईल. गूढकथा लिहीत. पण घाबरवण्यासाठी लिहीत नसत. मुंजा, गिऱ्हा, चकवा, देवचार ही मंडळी त्यांच्या कथांत शेजाऱ्यासारखी येत आणि त्यांचीच काहीतरी अडचण झालेली असे. एक कथा मला जवळजवळ पाठ आहे. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला मोठाल्या चामडी चपला वाहतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. बाईंनी एक वेगळाच, नाव नसलेला गाव घेतला आणि तिथल्या राखणदाराच्या चपला झिजायच्या थांबल्या, एवढ्यावर कथा रचली. गावकरी घाबरतात: देव कोपला, देव गेला. कौल लावतात, गाराणं घालतात. शेवटी एक म्हातारी रात्री देवळात जाऊन बसते. तिला दिसतं की राखणदार जागा आहे, निघायच्या तयारीत आहे, पण वाडीवाडीवर कुलपं आहेत. ज्यांची राखण करायची ते सगळे मुंबईला. तो उंबऱ्यापर्यंत येतो आणि परत फिरतो. म्हातारी घरी जाते आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी प्रत्येक बंद घराच्या पडवीत एक-एक दिवा लावत सुटते. कथा तिथंच संपते. चपलांचं पुढे काय झालं ते बाईंनी लिहिलं नाही.

चाकरमान्यांवर, ओस पडलेल्या घरांवर आपल्याकडे भाषणं किती झाली. माझ्या गावातलं सत्तर टक्के काळोखं अंगण मला या कथेनंतर पहिल्यांदा नीट दिसलं. तरीही हे लिखाण 'भुताखेताचं' म्हणून खालच्या पंगतीला बसतं. मराठीत गूढकथा आणि विज्ञानकथा वाचणारे थोडे नाहीत, पण त्यांचा लेखक गेला की शोकसभा भरत नाही. आणि तो छापला गेलेला नसेल तर त्याला लेखक म्हणायचं की नाही इथूनच सुरुवात होते. 'चांगलं असतं तर कुणीतरी छापलं असतं' हे मी एका सुशिक्षित, भरपूर वाचणाऱ्या गृहस्थांकडून ऐकलं. खाडीकाठच्या बाईनं बाड घेऊन कुणाकडे जायचं होतं? त्यांच्या हाती फोन होता, वाचक फोनवर होते, त्यांनी तिथं लिहिलं. देवळात गाराणं घालताना मानकरी एकेक वाक्य म्हणतो आणि गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतो. आमच्यात हाच रिवाज पडला होता. भाग वाचून झाला की प्रत्येकानं 'व्हय म्हाराजा' एवढंच लिहायचं. रात्री अकरापर्यंत ते एकाखाली एक येत राहायचे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं किनारा झोडपला तेव्हा आमच्याकडे बरेच दिवस वीज नव्हती, टॉवर बंद होते. लाईन आल्यावर बाईंचे तीन भाग एकदम आले. वहीत लिहून ठेवले होते. त्या रात्री 'व्हय म्हाराजा' पहाटेपर्यंत येत होते.

गेल्यावर मात्र सगळ्यांचं बोलणं एकसारखं झालं. 'भावपूर्ण श्रद्धांजली', हात जोडलेली खूण, फुलं. मीही तेच लिहिलं, दुसरं सुचलं नाही. आठवड्याभरात त्याहून वाईट झालं. चपलांची ती कथा मला दुसऱ्याच एका गटातून आली. खालचं टोपणनाव कापलेलं, वर लिहिलेलं: 'कोकणातील एक सुंदर कथा, आलेली पोस्ट, जरूर वाचा.' आणखी चार दिवसांनी ती पुन्हा आली तेव्हा शेवटी दोन ओळी जोडल्या होत्या, त्यात गावकरी मुंबईहून परत येतात आणि सगळे आनंदानं नांदू लागतात. ज्यांनी नाव कापलं ते आमच्यापैकीच कुणीतरी असणार, कारण कथा दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच. त्यांच्या मनात वाईट नसेल, कथा आवडली म्हणूनच पुढे पाठवली असेल. पण त्या कथेचा शेवट हाच बाईंचा आवाज होता. तो बदलणाऱ्याला आणि नाव कापणाऱ्याला मी वाचक म्हणायला तयार नाही.

यानंतर मी 'कोणाचे काही देणेघेणे असल्यास' हे भाच्याचं वाक्य गंभीरपणे घेतलं. देणं होतंच.

फोनवरच्या लिखाणाचं माणसामागे काय होतं ते पाहू, कारण बहुतेकांना वाटतं की ते कुठंतरी राहतंच. बंद केलेला नंबर कंपनी नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला देऊ शकते. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही तर पुसलं जातं. गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं उघडलं नाही तर त्यातलं सगळं काढून टाकायचा अधिकार कंपनीनं स्वतःकडे ठेवला आहे, ईमेल, फोटो, कागदपत्रं, सगळं. म्हणजे दहाव्याचे पिंड, वर्षश्राद्ध, भरणी हे सगळं घरचे यथासांग करतील आणि तेवढ्या काळात बाईंचं आयुष्यभराचं लिखाण शांतपणे नाहीसं होईल. कुणी मुद्दाम नष्ट करणार नाही, कुणी काही केलं नाही एवढ्यानंच ते जाईल.

भाच्यानं आम्हांला एक जुना लॅपटॉप दाखवला. त्यात साठ-एक फायली होत्या. पहिली उघडली तर पडद्यावर रोमी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं यांचा कालवा. भाचा म्हणाला, "खराब झालीसा दिसता." खराब झाली नव्हती. युनिकोड सर्रास वापरात येण्याआधी आपण मराठी ज्या फाँटांत टाईप करायचो त्यांत आतून अक्षरं रोमीच असायची, वरून देवनागरीचा साज चढवलेला. तो फाँट यंत्रावर नसला की साज उतरतो. रत्नागिरीच्या मित्रानं कुठूनतरी जुना फाँट आणून टाकला. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग पहिली ओळ उमटली: 'आवाठातल्या आडाक पानी चढलेला, पन ता उन्हाळ्यात.' आम्ही चौघंही मान पुढे काढून बघत होतो. या कथा आमच्या ओळखीच्या आधीच्या, वीस वर्षांपूर्वीच्या. त्यातलं एक अक्षरही कुणी वाचलेलं नव्हतं. जोडाक्षरं अजून सुधारायची आहेत, रफार जागेवर नाहीत, पण आहे.

असं लिखाण वाचवणं ही केवळ चाहत्यांची हौस आहे का? मला तसं वाटत नाही, आणि या लेखाचा खरा मुद्दा हाच आहे. कोकणाला याचा जुना अनुभव आहे. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले टोपणनावानं कविता लिहीत, त्या मासिका-नियतकालिकांतून विखुरलेल्या होत्या. १९०५ साली प्लेगनं हुबळीला गेले तेव्हा चाळिशीही झाली नव्हती आणि नावावर एकही संग्रह नव्हता. त्यांच्या मागे कविता जमवल्या गेल्या, हरिभाऊ आपट्यांनी त्या पुस्तकरूपानं लोकांपुढे ठेवल्या, म्हणून आज केशवसुत हे नाव आहे आणि मालगुंडला १९९४ पासून त्यांचं स्मारक उभं आहे. आमच्या बाई केशवसुत होत्या असं मला म्हणायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या वेळी चार माणसांनी टिपणं काढली, पत्रं पाठवली, अंक मिळवले, तेच काम आज कुणी करायचं हे ठरलेलं नाही. याउलट दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या जागी बोलतो. म्हणून मोठा दशावतारी गेला की त्याच्याबरोबर केवढं तरी जातं आणि त्याला इलाज नाही. इथं सगळं लिहिलेलं आहे. इथं हातावर हात ठेवून बसायला काही सबब नाही.

छापील पुस्तकासाठी कायदा आहे. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना पाठवायची असते. जे छापलंच नाही त्याला त्या कायद्यात जागा नाही. दिल्लीनं तो बदलावा अशी मागणी करता येईल, करावीही. पण तोवर वाट बघत बसायचं कशाला? रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरानं १८६४ पासून ग्रंथ जपले, वाशिष्ठीच्या पुरानं २००५ मध्ये आणि परत जुलै २०२१ मध्ये ते भिजवले, तरी लोकांनी वाचनालय पुन्हा उभं केलं. पुस्तक पाण्यात जाणं म्हणजे काय ते आपल्याएवढं कुणाला कळतं? अशा प्रत्येक वाचनालयानं एक कपाट फोनवर, संगणकावर जन्मलेल्या स्थानिक लिखाणासाठी ठेवावं. वारसांच्या लेखी परवानगीनं साध्या कागदावर तीन प्रती छापायच्या, बांधायच्या, नोंदवहीत क्रमांक घालून लावायच्या. सोबत एक प्रत डिस्कवर. खर्च एका मध्यम सत्कार समारंभाच्या हारतुऱ्यांइतका.

एका ग्रंथपालांशी बोललो. भल्या माणसाची भीती खरी होती: "दार उघडलं तर जो तो आपल्या कविता घेऊन येईल. निवड कोण करणार?" मी म्हणतो, निवडू नका. १९०५ साली निवडायला बसले असते तर काय टिकलं असतं ते कुणी सांगावं? वाचनालयात आज ज्या हजारो कादंबऱ्या आहेत त्यांतल्या किती जणी दर्जा पाहून आल्या? आधी जमा करा, मोल करायला पुढचे लोक आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मलाही आनंद झाला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांचे दाखले देऊन तो मिळाला. आपण गेल्या वीस वर्षांतली मराठी पुसली जाऊ दिली तर पुढच्यांना दाखवायला शिलालेखही नसतील.

परवानगीबद्दल मात्र घाई करू नये. आमच्यातल्या काहींनी सगळ्या कथांची पीडीएफ करून सोडून द्यायचं म्हटलं, 'बाईंची हीच इच्छा असणार' म्हणून. ती इच्छा आपल्याला कशी कळली? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो, म्हणजे इथं २०८४ अखेरपर्यंत. टोपणनावाच्या लिखाणाला ही साठ वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात, पण त्या मुदतीत खरं नाव उघड झालं की मोजणी मृत्यूपासून होते. परवानगी तोंडी चालत नाही, लेखी लागते. आणि कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांचीच धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतीच. कायद्याच्याही आधी भाऊंच्या पडवीत बसून विचारणं आलं. आम्ही तेराव्यानंतर विचारलं. भाच्यानं सांगितलं, दहाव्याला कावळा लगेच शिवला होता, आतेचं काही मागे राहिलं नसावं. भाऊ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच अट घातली: खरं नाव छापायचं नाही. तिनं नाव सांगितलं नाही, तर मी कोण सांगणार, असं म्हणाले. आमच्यातल्या दोघातिघांना हे पटलं नाही. एका बाईचं श्रेय पुरुषाच्या नावावर राहणार, हे त्यांचं म्हणणं माझ्याही जिवाला लागतं. पण ते टोपणनाव त्यांनीच घेतलं होतं आणि त्याखाली लिंग न सांगणारी ती सगळी क्रियापदं त्यांनीच जपून निवडली होती. मी भाऊंच्या बाजूनं आहे. हा लेखही म्हणूनच बाईंच्या नावाशिवाय आहे.

शेवटची कादंबरिका अपुरी राहिली. एकतिसावा भाग शेवटचा, त्यात होडी बुडते आहे आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी कंदील हलवतो आहे. ती पुरी करायची तयारी एका चांगल्या लिहिणाऱ्यानं दाखवली. नको म्हटलं. कोण कंदील हलवतो आहे ते बाईंना माहीत होतं, आम्हांला नाही.

कागद झाला आहे. मुदत पंचवीस वर्षं, प्रदेश सर्वत्र, फायदा झाल्यास वारसांचा. भाऊंनी सही केली, वहिनींनी बाजूला उभं राहून प्रत्येक ओळ भाच्याकडून वाचून घेतली. आतापर्यंत फोनवरच्या त्रेचाळीस कथा जुळल्या आहेत, लॅपटॉपवरच्या साठांपैकी अकरा पूर्ण सुधारून झाल्या. २०१९ च्या गणपतीत त्यांनी एक दीर्घकथा पाच भागांत दिली होती, वाडीतल्या शेवटच्या भजनीबुवाची. तिचा चौथा भाग कुणाकडेच नाही, माझा तेव्हाचा फोन पाण्यात पडला. त्या वर्षी जे आमच्यात होते आणि नंतर बाहेर पडले, त्यांनी जुना फोन कपाटात टाकून दिला असेल तर तो एकदा चार्जिंगला लावून बघावा. भाग गौरी आवाहनाच्या रात्री आला होता, सुरुवात 'टाळ वाजत होते पण वाजवणारे हात' अशी आहे.